चिटणिसांची वरची कवळी

४ नोव्हेंबर

वन्सं,

तुमच्या दादाला भर सभेत हसलेलं तोंड सध्या माझ्या टेबलावर पडलं आहे. प्लास्टरमध्ये. वरचा जबडा, दात एकही नाही, टाळू जरा खोल. पेपरवेट म्हणून वाईट दिसणार नाही.

घाबरू नका, मी काही केलेलं नाही. माणूस धडधाकट आहे आणि त्याला कवळी हवी आहे. डॉक्टरांनी नेहमीसारखं माप घेऊन मागच्या खोलीत माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीवरचं नाव मी वाचलंही नाही. मग दातांचा रंग ठरवायला स्वारी स्वतः आली. मी मान वर करते तर दारात पक्षीमंडळाचे चिटणीस! तोच करडा कोट, गळ्यात तीच दुर्बीण, दाताच्या दवाखान्यातसुद्धा. फक्त तोंड आत गेलेलं. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या तोंडावर मास्क होता, डोक्याला टोपी, आणि मागच्या खोलीतल्या बाईकडे निरखून बघतं कोण?

"जानेवारीत वार्षिक सभा आहे," म्हणाले. सगळं फफ आणि बब, पण बिनदातांचं बोलणं मला छापल्यासारखं समजतं. इतकी वर्षं तेच तर ऐकते आहे. "पंचवीस वर्षं हिवाळी गणती मीच वाचून दाखवतो. यंदा सत्कार आहे. आवाज स्वच्छ यायला हवा."

मी म्हटलं, येईल.

ते गेल्यावर किती तरी वेळ तो जबडा हातात धरून बसले. काय करू ते तुम्हीच सांगा. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

बागेत धोबी आले आहेत, शेपट्या हलवत कुंपणापाशी फिरतात. मी मोजत नाही. खुर्ची अजून खिडकीकडे पाठ करूनच आहे, तुमच्या दादाने फिरवून ठेवली होती तशी.

वहिनी


९ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि नंतरच्या तासाला पोरींना उगाच मैदानाला जास्तीच्या फेऱ्या मारायला लावल्या. बिचाऱ्यांना वाटलं, त्यांचंच काही चुकलं.

आणि तू मला विचारतेस, काय करू? अगं, शिकार आपण होऊन आ करून तुझ्या पुढ्यात बसली आहे! अशी कवळी कर की पहिल्याच घासाला जीभ चावली पाहिजे. अशी कर की सत्काराचा हार गळ्यात पडताना दात हारात पडले पाहिजेत.

तू त्या दिवशी सभेला नव्हतीस. मी होते. दुसऱ्या रांगेत, दादाच्या शेजारी. तुला मी कधी धड सांगितलं नाही, दादाने शपथ घातली होती. आता ऐक. या माणसाने दादाचा कागद उचलला, चष्मा नाकावर खाली घेतला आणि वाचलं, "अंजिराच्या झाडावर मानमोडी, एक." मग थांबला. "मानमोडी! भर वस्तीत! झाडाच्या सालीला चोच फुटलेली दिसली वाटतं. आमच्या या सभासदांनी आधी चष्मा बदलावा, मग पक्षी मोजावेत." सगळं सभागृह हसलं. आणि त्याने तिथेच लाल रेघ मारली, 'निरीक्षक भरवशाचा नाही' असा शेरा मारला, म्हणजे दादाच्या आधीच्या सगळ्या नोंदीही मंडळाच्या पुस्तकातून बाद. अठरा हिवाळे, वहिनी! अंगात ताप असताना हा माणूस पांघरूण घेऊन खिडकीत बसला आहे. एकच चिमणी चुकून दोनदा मोजली की काय म्हणून जेवताना चेहरा पाडून बसलेला मी पाहिलाय.

दादा काय करत होता माहीत आहे? सगळ्यांबरोबर हसत होता. ते मला आजही सहन होत नाही.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो राहिलाच नाही. डॉक्टर म्हणतात हृदय. मी म्हणते चिटणीस.

तेव्हा त्याचे दात त्याच्याच घशात घाल. इथे म्हणीप्रमाणे वागायची सोय आयतीच झाली आहे.

तुझी
शिट्टीवाली


२१ नोव्हेंबर

वन्सं,

ह्यांच्या हसण्याचं मला माहीत नव्हतं. पत्र घडी करून ठेवलं, पुन्हा उघडलं नाही. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले होते, "यंदा नाही धरली नोंद." आणि खुर्ची फिरवली.

पण हाताखालचं काम मी बिघडवणार नाही. माझ्या कवळ्यांनी लोक हाडं फोडतात. एक म्हातारी तर कवळी घालून भावाला चावली, आणि कवळीला काही झालं नाही. त्या माणसासाठी मी माझं नाव खराब का करू?

मेणाच्या साच्यावर दात लावून परवा तोंडात बसवून बघितले. बोलून दाखवा म्हटलं तर भाषणच केलं. म्हणे हल्ली लोक काहीबाही पाहतात आणि गणतीत ठोकून देतात, म्हणून यंदापासून शंकेची नोंद असेल तर गणतीच्या रविवारी चिटणीस स्वतः त्या बागेत येऊन तासभर बसणार. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं तरच खरं," म्हणाले. माझी बोटं तेव्हा त्यांच्या तोंडात होती. त्या जिभेवर नुसती मिटली असती तरी चाललं असतं, पण मिटली नाहीत.

आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे तुमची फुरफुर थांबेल. सोमवारी मी कपडे वाळत घालत होते. अंजिराच्या बुंध्याची साल हलली. वाटलं, सरडा. मग त्या सालीने मान वळवली, अशी सावकाश, सापासारखी पिळून, थेट पाठीमागे, आणि माझ्याकडे बघितलं. मग खाली उतरून कुंपणाशी मुंग्या टिपायला लागली. ह्यांनी चित्रं काढून काढून मला इतकी दाखवली होती की चुकायचा प्रश्नच नाही. ओला टॉवेल माझ्या खांद्यावर तसाच. अंगावरून पाणी निथळतंय आणि मी रडतेय की टॉवेल ते मलाच कळेना.

मानमोडी परत आली आहे, वन्सं. मी यंदा गणतीत नाव देणार. शंकेची नोंद म्हणून कळवणार. त्या माणसाला ह्यांच्या खुर्चीत बसवून, त्याच्या डोळ्यांनी दाखवणार. ह्यांची नोंद पुस्तकात परत चढली पाहिजे, आणि त्याच तोंडाने त्याच सभागृहात वाचली गेली पाहिजे. मला दुसरं काही नको. याहून मोठा सूड तुमच्या मैदानावर तरी आहे का?

घरात मुंग्यांवर पावडर टाकणं बंद केलं आहे. साखरेच्या डब्यात त्यांचंच राज्य आहे.

वहिनी


२७ नोव्हेंबर

वहिनी,

पक्षी आला, फार बरं वाटलं. पत्र शाळेत मोठ्याने वाचलं, चित्रकलेच्या बाईंचेही डोळे भरले.

पण तुझं बाकीचं बोलणं मला पटलेलं नाही. तो येणार, तू त्याला खुर्ची देणार, चहा करणार, बिस्किटं काढणार, तो 'हं, आहे खरी' म्हणणार, आणि झालं? त्याचं काय गेलं? उलट लोक म्हणतील, काय मोठ्या मनाचा चिटणीस! दादा हसला ते हसणं कोण फेडणार? वहिनी, तू दिवसभर त्याच्या तोंडात बोटं घालून मऊ पडलीस. गोड बोलतो का तो?

तुला हाडं फोडायची कवळी करायची आहे ना, कर. घास चावताना काही होऊ नये, कबूल. पण बोलताना? माझ्या गळ्यातली शिट्टी मी परवा पोरींना उघडून दाखवली. आत काय असतं? काही नाही. एक फट. हवा फटीतून गेली की शिट्टी वाजते, फट बुजली की नुसता डबा. एवढंसं अंतर. त्यात कुणाच्या नावाला काय बट्टा लागतो?

विचार कर. पक्षीही दाखव आणि हेही कर. दोन्ही हातांनी जेवायला कोणी बंदी केलेली नाही.

तुझी
शिट्टीवाली


१३ डिसेंबर

वन्सं,

कवळी गेली. घट्ट बसली आहे, रंग जुळला आहे, चिटणिसांनी आरशात वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं आणि स्वतःवर खूश झाले. डॉक्टरही खूश. 'स' आणि 'श' म्हणताना सुरुवातीला जरा वेगळं वाटेल, सवय होईल, असं मी सांगितलं.

गणतीला नाव दिलं. 'अंजिराच्या झाडावर मानमोडी, शंकेची नोंद, प्रत्यक्ष यावे.' पत्ता वाचल्यावर त्यांना लक्षात आलं असणार, कारण दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं. पाच जानेवारीला, सकाळी येतो. नियम ठाऊक असतीलच.

ठाऊक आहेत. ह्यांनी मला झोपेतही म्हणून दाखवले असते. एकच तास बसायचं. एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसतील तितकेच लिहायचे, तोच पक्षी फिरून आला तर पुन्हा धरायचा नाही. मी रोज सकाळी सराव करते. काल खुर्ची वळवली. खाली लाकडी फरशीवर तिच्या पायांचे चार फिके ठसे आहेत, बरोबर त्यांवरच बसवली.

खरं सांगू? मोजायला लागलं की दिसायला लागतं. मला वाटायचं चिमण्या म्हणजे चिमण्या. पण एक पाण्याच्या थाळीत आधी एकच पाय बुडवून बघते, माझ्या सासूबाईंसारखी. एक थिरथिरा आहे, शेपूट सारखी थरथरतेय, थंडीने नव्हे, स्वभावाने. ह्यांनी हे सगळं अठरा वर्षं बघितलं आणि मी मागे उभी राहून विचारत होते, चहा घेणार का.

वहिनी


१८ डिसेंबर

वहिनी! वहिनी! वहिनी!

'स' आणि 'श'!

तुझ्या पत्रात चिमण्यांवर अख्खा परिच्छेद आहे आणि 'स' आणि 'श' वर एक ओळ. मी पंधरा वर्षं शाळेतल्या पोरींच्या खोट्या आजारपणाच्या चिठ्ठ्या वाचते. मला फसवतेस?

तू केलंस. तू फट ठेवलीस. लगेच लिही. किती मोठी, कुठे, कशी, वाजते कशी. मी इथे एकटीच हसते आहे आणि शिपाई माझ्याकडे संशयाने बघतो आहे.

तुझी अत्यंत लाडकी
शिट्टीवाली


२३ डिसेंबर

वन्सं,

केलं.

शेवटच्या दिवशी. कवळी झाली होती, घासून झाली होती, अगदी माझ्या हातची, निर्दोष. दुसऱ्या दिवशी द्यायची. ती पेटीत ठेवायला उचलली आणि मला ह्यांचं ते हसणं ऐकू आलं, जे मी ऐकलेलंच नाही. समोरच्या दोन दातांच्या मागे, टाळूच्या बाजूने, केसाएवढी खाच दिली. बाहेरून दिसायची नाही. जिभेलाही कळायची नाही. चावायला काही अडचण नाही, तुमच्या अटीप्रमाणे.

बेकरीत ते माझ्या पुढे उभे होते. "सहा पाव," म्हणाले. वन्सं, त्या 'सहा'वर अशी बारीक, लांब शीळ वाजली की दुकानातली मुलगी लाजली. तिला वाटलं तिलाच घातली. "साधे," पुन्हा शीळ. बाहेर बांधलेला कुत्रा उठून उभा राहिला. ते लालबुंद झाले आणि उरलेलं सगळं बोटाने दाखवून घेतलं. मी पावाचा तुकडा तोंडात कोंबून घरी आले आणि दार लावून पोटभर हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टरांकडे ते तीनदा येऊन गेले. डॉक्टर तोंडात बघतात, काही सापडत नाही, म्हणतात, सवय होईल. मीही मास्कच्या आडून मान डोलावते.

पाप वगैरे काही वाटत नाही. उगाच विचारू नका.

वहिनी


५ जानेवारी, दुपार

वन्सं,

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या.

ते वेळेवर आले. बूट पुसून आत आले, खुर्ची पाहिली आणि क्षणभर बसेनात. "त्यांची?" विचारलं. मी हो म्हटलं. बसले. शक्यतो बोलायचंच नाही असं ठरवून आले होते. मी चहा ठेवला तेव्हा त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली. कवळीची गुलाबी भुकटी नखांतून कधी पुरती निघत नाही. "कवळी तुम्ही केलीत," म्हणाले. मी पुन्हा हो म्हटलं. एवढंच. तास सुरू झाला.

चिमण्या आल्या, बुलबुल आले, धोबी, थिरथिरा. मानमोडीचा पत्ता नाही. मी बुंध्याची साल न् साल डोळ्यांनी सोलून काढली. अर्धा तास गेला, वर आणखी गेला. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आनंदसुद्धा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. मग थाळीवर चिमण्यांची झुंबड उडाली. मोजणाऱ्या माणसाची सवय काही सुटत नाही. ते पुटपुटायला लागले, "सात... सात... सात... सात..."

प्रत्येक 'सात'ला शीळ. बारीक, एकसारखी, लागोपाठ.

आणि अंजिराच्या मागून ती आली. कुंपणाच्या खांबावर येऊन बसली, खिडकीपासून हातभर अंतरावर. तिने मान पिळली, इकडून, मग तिकडून, आणि सरळ चिटणिसांकडे पाहत राहिली, जणू विचारत होती, तू कोण रे? तिच्या अंगावरची प्रत्येक रेघ दिसत होती. चिटणिसांनी दुर्बीण उचललीच नाही, गरजच नव्हती. चष्मा काढला, पुसला, परत घातला. डोळ्यांत पाणी होतं. "पन्नास वर्षं पक्षी बघतोय," म्हणाले, "ही कधी दिसली नव्हती." प्रत्येक 'स' वाजला आणि ती आणखी जवळ सरकली.

मी म्हटलं, "लिहा. मानमोडी, एक."

त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "लिहिता येत नाही. शीळ घालून बोलावलेला पक्षी गणतीत धरायचा नाही. नियम मीच लिहिलाय. ही माझ्या शिळेवर आली."

वन्सं, ऐकलंत? खाच मी दिली. माझ्या हाताने. आपलेच दात, आपलेच ओठ, ओरडायचं कुणाकडे? वाटलं, त्या खुर्चीसकट यांना बाहेर ढकलून द्यावं, आणि मागोमाग स्वतः जावं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "यंदाची नोंद बाद. पण दोन वर्षांपूर्वी या खिडकीत शीळ घालणारं कोणी नव्हतं. हा पक्षी ठरल्या जागी हिवाळा काढायला परत परत येतो. तेव्हा त्यांनी पाहिली, ती खरीच. मी भर सभेत खोडलं, भर सभेतच दुरुस्त करीन. त्यांचे अठराही हिवाळे परत चढतील."

दाराशी थांबले. माझ्याकडे न बघता विचारलं, "सभेपर्यंत ही शीळ जाईल का?"

मी म्हटलं, बघते.

काय करू?

वहिनी


१० जानेवारी

वहिनी,

मी तुझं पत्र वाचून रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. दादा, दादा, दादा. बास, एवढंच लिहिते.

आता कामाचं. खबरदार त्या कवळीला हात लावशील तर! तो वाचणार आहे, छान. पण शीळ वाजवत वाचू दे. आमच्याकडे दोन गोल झाले म्हणून कोणी तिसरा सोडून देत नाही. दादा ज्या सभागृहात हसू झाला, तिथे हाही होऊ दे. फिट्टंफाट. त्यानंतर वाटलं तर सोन्याचे दात करून दे.

शाळेच्या स्पर्धा नेमक्या त्याच दिवशी आहेत, मला येता येत नाही. दुसऱ्या रांगेत बस, माझ्या जागी. आणि तो काय वाचतो ते शब्दाला शब्द लिहून पाठव. मी ते चौकटीत लावणार आहे.

तुझी
शिट्टीवाली


२० जानेवारी

वन्सं,

तुमचं ऐकलं. तुमचं निमित्त, खरं तर मलाच हवं होतं. गुरुवारी ते मागच्या खोलीत आले होते. मी म्हटलं, मशीन बिघडलंय, सभेनंतर बघू. मशीन माझ्या मागे घर्रर्र चालू होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाले आणि गेले.

काल सभागृह भरलेलं होतं. तेच, घडीच्या खुर्च्यांचं. मी दुसऱ्या रांगेत बसले. हार घातला, टाळ्या झाल्या. ते उभे राहिले. "सभासदहो..."

दोन शिळा. मागे एक लहान मुलगी खुदकन हसली. "साळुंकी, सत्तावीस." आता मोठी माणसंही रुमाल तोंडाला लावायला लागली. त्यांच्या कपाळावर घाम, आणि पुढे कागदावर कागद. माझ्या पोटात आनंदाच्या गुदगुल्या होत होत्या, वन्सं. खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं, यादी संपूच नये. तुमच्यासाठी एकेक शीळ लक्षात ठेवत होते.

मग त्यांनी शेवटचा कागद घेतला. "एक दुरुस्ती," म्हणाले, आणि ह्यांचं पूर्ण नाव घेतलं. लोक तोवर हसायच्या रंगात आले होते. पुढच्या ओळीत 'स' आणि 'श' नुसते पेरलेले. पहिल्या शिळेला थोडे हसले, दुसरीला जास्त, तिसरीला सगळं सभागृह फुटलं. ह्यांच्या नावावर. तेच सभागृह, तेच हसू. माझ्या शेजारचा माणूस मांडीवर थाप मारत माझ्याकडे वळला, मीही हसावं म्हणून. तुमचा दादा तेव्हा सगळ्यांबरोबर कसा हसला असेल हो? मला तेवढंसुद्धा जमेना. ह्यांच्यावर दुसऱ्यांदा लोक हसले ते माझ्या हातच्या कामामुळे. एवढी बारीक खाच, आणि बरोबर ह्यांच्याच नावाखाली वाजली.

चिटणीस थांबले. दुसऱ्या रांगेत बघितलं. मी दिसले. मग त्यांनी काय केलं असेल? सगळ्यांसमोर, गळ्यात हार असताना, दोन बोटं तोंडात घातली, कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. तोंड आत गेलं. एका दमात दहा वर्षांनी म्हातारे झाले. हसू जागच्या जागी विरलं. त्या शांततेत त्यांनी तो कागद पुन्हा वरपासून वाचला. सगळा फफ आणि बब. लोक एकमेकांना विचारत होते, काय म्हणाले? कुणालाही कळलं नाही. टाळ्याही धड झाल्या नाहीत, कुठे वाजवायच्या ते समजेना.

त्या अख्ख्या सभागृहात ते एकट्या मला कळलं. शब्द न् शब्द.

बाहेर पडताना त्यांनी रुमाल माझ्या हातात दिला. "आता नीट करा," म्हणाले. त्या 'आता'वरून समजले, की खाच मी मुद्दाम दिली हे त्यांना कधीचंच ठाऊक होतं. मी मान खाली घातली. तुम्ही असतात तर तुम्हीही घातली असतीत, शिट्टीवाली असलात तरी.

आज सकाळी खाच बुजवली. माझा राग गेला असं समजू नका, ह्यांची ती वर्षं कोण परत देणार? पण तो आता कुणाच्या तोंडात ठेवायचा, ते मला कळत नाही. खिडकीत बसून हे लिहिते आहे. मानमोडी खांबावर आहे, आणि घरात शीळ घालणारं कोणी नाही.

तुम्ही शब्दाला शब्द मागितलं होतंत. बाकी कुणी ऐकलेलं नाही, तेव्हा जपून ठेवा. त्यांनी वाचलं ते असं:

"सदर सभासदांनी दोन वर्षांपूर्वी केलेली नोंद, अंजिराच्या झाडावर मानमोडी, एक, ही संपूर्ण सत्य आहे. त्यांचे सर्व हिवाळे सन्मानाने पुस्तकात परत घ्यावेत. निरीक्षक शंभर टक्के विश्वासाचे. चूक चिटणिसाची."